कॅटमधले तक्ते आणि आलेख: आधी वाचन, मग आकडेमोड

एमबीए प्रवेशाच्या कॅट परीक्षेत ४० मिनिटांचा एक विभाग असा आहे, की तिथे पाठ केलेली सूत्रं फारशी कामाला येत नाहीत. त्याचं नाव डेटा इंटरप्रिटेशन अँड लॉजिकल रीझनिंग. मुलांच्या तोंडी 'डीआयएलआर'. तक्ता किंवा आलेख द्यायचा आणि त्यावर चार-पाच प्रश्न विचारायचे, असं त्याचं स्वरूप. लागणारं गणित शेकडेवारी, सरासरी आणि गुणोत्तर यांच्या पुढे क्वचितच जातं. तरीही गणित पक्कं असलेली मुलंसुद्धा इथे अडकतात, कारण प्रश्न सोडवण्याआधी आलेख वाचावा लागतो आणि त्याची सवय नसते.

आयआयएम संस्था एकूण पर्सेंटाइलबरोबर प्रत्येक विभागाचा वेगळा कटऑफही लावतात. त्यामुळे या विभागात घसरलेला उमेदवार बाकी दोन विभागांत कितीही पुढे असला, तरी मुलाखतीच्या यादीबाहेर राहू शकतो.

परीक्षेत काय असतं?

डीआयएलआर हा स्वतंत्र विभाग २०१५ पासून आहे. पडद्यावरचा कॅल्क्युलेटरही तेव्हापासूनच मिळू लागला. २०२० मध्ये परीक्षा तीन तासांवरून दोन तासांवर आली आणि प्रत्येक विभागाला ४० मिनिटं उरली. एका विभागाचा वेळ दुसऱ्याला वापरता येत नाही. २०२४ च्या परीक्षेत या विभागात ५ सेट आणि २२ प्रश्न होते.

बरोबर उत्तराला ३ गुण. पर्यायी प्रश्न चुकला तर १ गुण कापला जातो. ज्यात उत्तर स्वतः टाइप करायचं असतं, त्या प्रश्नाला ऋण गुण नाहीत.

सीमाभागातली बरीच मुलं कॅटबरोबर महाराष्ट्राची एमबीए सीईटी किंवा सीमॅटही देतात. महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी वेगळी तरतूद आहे. तिच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहून घ्याव्यात. एमबीए सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न आणि ऋण गुण नाहीत. तिथले आलेख सोपे, पण एका प्रश्नाला सरासरी ४५ सेकंदच मिळतात. आलेख वाचायची रीत मात्र तिन्ही परीक्षांत एकच.

आकड्यांआधी काय वाचायचं?

पहिला अर्धा मिनिट आकड्यांना हात लावायचा नाही. आधी शीर्षक वाचायचं: हे उत्पादन आहे, विक्री आहे की नफा? मग एकक: नग, टन, हजार रुपये की लाख? त्यानंतर अक्ष. उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का, हे बघायचं. तो २०० पासून सुरू होत असेल, तर २४० चा स्तंभ ४० इतका आणि ३६० चा १६० इतका उंच दिसतो. डोळ्याला चौपट वाटतं, प्रत्यक्षात दीडपट असतं. शेवटी तळटीप. 'निर्यात वगळून' किंवा 'आकडे पूर्णांकात' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि सेटमधला अख्खा एखादा प्रश्न त्यावरच उभा असतो.

मराठी शाळेत हेच आलेख दुसऱ्या नावांनी शिकवतात. स्तंभालेख म्हणजे बार चार्ट, विभाजित स्तंभालेख म्हणजे स्टॅक्ड बार, वृत्तालेख म्हणजे पाय चार्ट. वृत्तालेखात पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं, म्हणून १ टक्का म्हणजे ३.६ अंश आणि ७२ अंशांचा भाग म्हणजे २० टक्के. रडार किंवा बबल आलेख शाळेत भेटत नाहीत, पण प्रत्येक टोक काय मोजतं आणि वर्तुळाचा आकार काय सांगतो, एवढं कळलं की तेही तक्त्यासारखेच वाचता येतात.

फसगत कुठे होते?

समजा, एका काजू कारखान्याचं उत्पादन चार वर्षांत २४०, ३००, २७० आणि ३६० टन झालं. दुसऱ्या वर्षी वाढ २५ टक्के, तिसऱ्या वर्षी घट १० टक्के, चौथ्या वर्षी वाढ ३३.३३ टक्के. एकूण वाढ किती? अनेक जण टक्के थेट मिळवतात आणि ४८.३३ लिहितात. पण प्रत्येक टक्क्याचा पाया वेगळा आहे. २४० वरून ३६०, म्हणजे वाढ १२० टनांची आणि उत्तर ५० टक्के. टक्क्यांची बेरीज करण्यापेक्षा पहिला आणि शेवटचा आकडा धरावा.

दुसरी फसगत दोन वृत्तालेखांची. त्याच कारखान्याचा एकूण खर्च आधी ४० लाख होता, पुढच्या वर्षी ६० लाख झाला. कच्च्या मालाचा वाटा ४५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला. वाटा कमी झाला म्हणून खर्च कमी झाला का? नाही. ४० लाखांचे ४५ टक्के म्हणजे १८ लाख आणि ६० लाखांचे ४० टक्के म्हणजे २४ लाख. खर्च ३३.३३ टक्क्यांनी वाढला. वाटा मात्र ५ पर्सेंटेज पॉइंटने घटला, आणि ४५ च्या तुलनेत पाहिलं तर ११.११ टक्क्यांनी घटला. एकाच चित्रातून तीन वेगळी उत्तरं निघतात आणि तिन्ही पर्यायांत दिलेली असू शकतात. प्रश्नात नेमकं काय मागितलं आहे, हेच ठरवायचं असतं. एकूण खर्चच दिला नसेल, तर दोन वृत्तालेखांतल्या रकमांची तुलना करता येत नाही. तेव्हा 'ठरवता येत नाही' हा पर्याय बरोबर असू शकतो.

तिसरी फसगत रेषालेखाची. रेषा वाढीचा दर दाखवत असेल आणि ती २० वरून १५, मग ५ टक्क्यांवर उतरली, तरी उत्पादन घटलेलं नसतं. १०० पासून धरलं तर ते १२०, १३८ आणि १४४.९ असं वाढतच जातं. दर शून्याखाली गेला, तरच उत्पादन घटतं.

आकडेमोड कमी कशी करायची?

कॅल्क्युलेटर आहे म्हणून प्रत्येक भागाकार त्यावर केला, तर वेळ संपतो. आधी पर्याय बघावेत. ते १८, २५, ३३ आणि ४१ असे दूर दूर असतील, तर अंदाज पुरतो. २४.८, २५.१ असे जवळ असतील, तेव्हाच नेमकं उत्तर काढावं.

काही अपूर्णांक तोंडपाठ हवेत: १/६ म्हणजे १६.६७ टक्के, १/७ म्हणजे १४.२९, १/८ म्हणजे १२.५, १/९ म्हणजे ११.११, १/१२ म्हणजे ८.३३.

तुलनेसाठी एक सोपा आधार पकडावा. ४३७/१२६८ मोठा की ५१२/१५२३? दोन्ही एक-तृतीयांशाच्या आसपास आहेत. १२६८ चा तिसरा हिस्सा सुमारे ४२३, म्हणजे ४३७ हा १४ ने जास्त. १५२३ चा तिसरा हिस्सा सुमारे ५०८, म्हणजे ५१२ हा ४ नेच जास्त, आणि तोही मोठ्या छेदावर. म्हणून पहिला मोठा. पूर्ण भागाकार करावाच लागला नाही.

अर्धवट माहितीचे सेट

कॅटचे अवघड सेट तक्त्यातले काही आकडे लपवतात आणि अटी देतात. समजा चार दुकानं आहेत: क, ख, ग, घ. सरासरी विक्री ५० पेट्या. क आणि ख मिळून ९०. ख, ग, घ मिळून १५०. ग आणि घ यांचं गुणोत्तर ६:५.

सुरुवात कुठून करायची? सरासरीची आधी बेरीज करून घ्यायची: चौघांची मिळून २००. त्यातून १५० वजा केले की क = ५०. मग ख = ४०. उरले ११०; ते ६:५ मध्ये वाटले की ग = ६० आणि घ = ५०. परीक्षेतला सेट याहून लांब असतो, पण वाट हीच: जी अट एकटीच एखादा आकडा पक्का करते, ती आधी वापरायची. मिळालेला प्रत्येक आकडा कच्च्या कागदावर तक्ता काढून त्यात भरायचा. डोक्यात ठेवून सोडवलं, की तिसऱ्या प्रश्नाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

इंग्रजीचा अडथळा

कॅटची प्रश्नपत्रिका इंग्रजीतच असते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला शेकडेवारी येते, पण वाक्यातला एक छोटा शब्द निसटतो आणि उत्तर जातं. 'पर्सेंट ऑफ' आणि 'पर्सेंट मोर दॅन' यांतला फरक बघा: ३६० हे २४० च्या १५० टक्के आहेत, पण २४० पेक्षा ५० टक्क्यांनी जास्त आहेत. 'अ‍ॅट लीस्ट ३' म्हणजे ३ किंवा त्याहून जास्त. 'मोर दॅन ३' मध्ये ३ येत नाही. 'रिस्पेक्टिव्हली' म्हणजे अनुक्रमे, 'एक्सक्लुडिंग' म्हणजे वगळून, 'कन्सेक्युटिव्ह' म्हणजे लागोपाठचे. असे वीस-पंचवीस शब्द वहीत अर्थासकट लिहून ठेवले, तर पुष्कळ चुका टळतात. प्रश्न कठीण वाटला तर तो मनात मराठीत उलगडून घ्यायला काहीच हरकत नाही; सराव मात्र इंग्रजी प्रश्नांवरच हवा.

कोणता सेट घ्यायचा, कोणता सोडायचा?

४० मिनिटांत पाच सेट म्हणजे प्रत्येकी ८ मिनिटं. बहुतेकांना हे झेपत नाही आणि चांगल्या पर्सेंटाइलसाठी सगळं सोडवायची गरजही नसते. पहिली चार-पाच मिनिटं सगळे सेट चाळण्यात घालवावीत. ओळखीचा आलेख, स्पष्ट अटी आणि कमी 'जर-तर' असलेला सेट आधी घ्यावा. सात-आठ मिनिटांनंतरही एखाद्या सेटमध्ये एकही आकडा पक्का झाला नसेल, तर तो सोडून पुढे जावं. इतका वेळ घातला म्हणून त्यालाच चिकटून राहिलं, की पुढचा सोपा सेट हातचा जातो.

अंदाजपंचे खुणा केल्याने काही साधत नाही. चार पर्यायांत आंधळेपणाने केलेल्या चार खुणांपैकी सरासरी एक बरोबर येते: ३ गुण मिळतात, ३ जातात. दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील, तर जोखीम घ्यायला हरकत नाही. टाइप करायच्या उत्तराची जागा रिकामी ठेवू नये. आणि एमबीए सीईटीत तर एकही प्रश्न कोरा सोडू नये.

सराव कशावर करायचा?

महागडे क्लास नसले तरी सराव अडत नाही. कॅटच्या अधिकृत संकेतस्थळावर परीक्षेआधी मॉक टेस्ट मिळते; पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरचा हात तिथेच बसतो. रोजच्या सरावाला सरकारी आकडेवारी पुरते. महाराष्ट्राची आर्थिक पाहणी मराठीतही निघते. तिच्यातला एक तक्ता घेऊन त्यावर स्वतःच पाच प्रश्न तयार करावेत, दोन मित्रांनी ते एकमेकांना द्यावेत. प्रश्न तयार करताना फसवा पर्याय कुठून येतो, ते आपोआप कळतं.

मॉक तपासताना नुसते गुण मोजू नयेत. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावं: एकक पाहिलं नाही, पाया चुकला, शब्द निसटला, बेरीज चुकली, की सेटच चुकीचा निवडला. दहा मॉकनंतर ती यादी वाचली, की आपली चूक नेमकी कुठल्या रकान्यात जास्त आहे ते दिसतं. कॅट साधारण नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते. तोवर रोज दोन सेट आणि आठवड्याला एक मॉक, एवढा नेम नोकरी सांभाळूनही पाळता येतो.