बिऱ्हाड, ओल आणि स्मृती : ग्लासगोच्या कासलमिल्क वसाहतीचे कथन

स्कॉट्स बोलीत 'फ्लिट' हा शब्द बिऱ्हाड हलवण्याच्या अर्थी वापरला जातो. ग्लासगो शहराच्या दक्षिण टोकाला असलेल्या कासलमिल्क या वसाहतीतील लोकेतिहास गटाने १९९० मध्ये तेथील पहिल्या भाडेकरूंच्या आठवणी प्रसिद्ध केल्या आणि त्या पुस्तकाला 'द बिग फ्लिट' असे नाव दिले. नाव जितके सूचक आहे तितकेच प्रकाशनाचे वर्षही. वसाहत उभी राहू लागली ती १९५० च्या दशकाच्या मध्यास. आठवणी ग्रंथबद्ध झाल्या त्या सुमारे पस्तीस वर्षांनी, म्हणजे सरकारने वसाहतीच्या पुनरुज्जीवनाची योजना हाती घेतल्यानंतर दोन वर्षांनी. ज्या घरांत येण्याची कहाणी सांगितली जात होती, त्यांपैकी अनेक घरे पाडली जाण्याच्या बेतात होती. घर पाडले जाऊ लागले की घराची आठवण सांगावीशी वाटते, हे मानवी मनाला धरूनच आहे. परंतु इतिहासाचे साधन म्हणून या आठवणी वाचताना हा काळाचा दाब विसरून चालत नाही.

या स्थलांतराची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ग्लासगोत जवळजवळ निम्मी घरे एका किंवा दोन खोल्यांची होती. दगडी, तीन-चार मजली 'टेनेमेंट' इमारतीतील एका खोलीच्या घराला 'सिंगल-एंड' म्हणत. शौचकूप जिन्याच्या वळणावर, अनेक कुटुंबांत मिळून एक. मुंबईच्या चाळीशी परिचय असलेल्या वाचकाला हे चित्र नवे वाटणार नाही. १९४५ मध्ये नगर अभियंता रॉबर्ट ब्रूस यांनी मांडलेल्या आराखड्यात जुने शहर मोठ्या प्रमाणावर पाडून लोकांना शहराच्या हद्दीतच वसवण्याचा विचार होता. पुढच्याच वर्षी पॅट्रिक ॲबरक्रॉम्बी आणि रॉबर्ट मॅथ्यू यांच्या क्लाइड खोऱ्याच्या प्रादेशिक आराखड्याने नेमका उलटा सल्ला दिला : लोकसंख्या शहराबाहेर नव्या नगरांत न्यावी. ईस्ट किलब्राइड हे नवे नगर १९४७ मध्ये जाहीर झालेही. लोक बाहेर गेले की त्यांच्याबरोबर कर आणि मतेही जातात, हे ग्लासगो महापालिकेला चांगले कळत होते. तिने हद्दीच्या कडेलाच पोलॉक, ड्रमचॅपल, ईस्टरहाउस आणि कासलमिल्क या चार प्रचंड वसाहती उभारल्या किंवा वाढवल्या. स्कॉटलंडात अशा वसाहतीला 'स्कीम' म्हणतात. शासकीय कागदावरचा शब्द तसाच लोकांच्या तोंडी रुळला आणि पुढे तेथे राहणाऱ्यांना हिणवण्यासाठीही त्याच शब्दाचे रूप वापरले गेले. येथे एक अवांतर नोंद करण्याजोगी आहे. वस्ती न पाडता तिची बेताची दुरुस्ती करावी असा आग्रह धरणारे स्कॉटिश विचारवंत पॅट्रिक गेडिस यांनी १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र विभागाची धुरा स्वीकारली होती. त्यांच्या मायदेशातील सर्वांत मोठ्या शहराने महायुद्धानंतर मात्र त्यांचा मार्ग घेतला नाही.

कासलमिल्कची जमीन एका जुन्या जमीनदार घराण्याची. कॅथकिन ब्रेज या टेकड्यांच्या पायथ्याशी, शहराच्या मध्यापासून सुमारे आठ किलोमीटरवर, बहुतांशी तीन-चार मजल्यांच्या इमारती रांगेने उभ्या राहिल्या. पुढे १९६० च्या दशकात मिचेलहिलचे पाच उंच मनोरे आले. जमीनदाराचा वाडा काही वर्षे बालगृह म्हणून वापरला गेला आणि १९६९ मध्ये पाडण्यात आला. १९७१ च्या सुमारास वस्ती सुमारे ३७ हजारांवर पोहोचली होती. एखाद्या मध्यम गावाएवढी ही माणसे, पण गावाला जे लागते ते तेथे आधी नव्हते.

पहिल्या भाडेकरूंच्या आठवणींचा सूर मात्र तक्रारीचा नाही. त्या सुरू होतात न्हाणीघरापासून. स्वतःचा टब, नळाला गरम पाणी, दाराच्या आत शौचकूप, मुलांसाठी वेगळी खोली, खिडकीतून दिसणारी शेते. ज्या पिढीने पत्र्याच्या घंगाळात शेगडीपुढे आंघोळ केली तिला ही चैन वाटली यात नवल नाही. परंतु त्याच आठवणीत, अनेकदा पुढच्याच वाक्यात, दुसरा सूर येतो. दुकाने नव्हती, किराणा, भाजी, मासे विकणाऱ्या गाड्या दारी येत आणि त्यांचे भाव शहरातल्या दुकानांपेक्षा चढे असत. कामाला, दवाखान्याला, सिनेमाला, आणि मुख्य म्हणजे जुन्या वस्तीत मागे राहिलेल्या आईला भेटायला बस. महापालिकेच्या जमिनीवर मद्यगृहांना बंदी होती आणि ती १९६० च्या दशकाच्या अखेरपर्यंत टिकली. पुरुषांची संध्याकाळ त्यामुळे जुन्याच गल्लीत जाई आणि स्त्रीची संध्याकाळ नव्या घरात एकटीने. हे दोन्ही सूर एकाच व्यक्तीच्या कथनात नांदतात. त्यांना 'स्वप्न' आणि 'स्वप्नभंग' अशा दोन टप्प्यांत बसवणे हे नंतरच्या संपादकांचे आणि पत्रकारांचे काम.

याहून महत्त्वाची बाब अशी, की जुन्या टेनेमेंटविषयीचे स्मरणरंजन जन्माला आले ते या नव्या घरांत. सामायिक जिना धुण्याची पाळी, परसातला खेळ, खिडकीतून मुलाकडे फेकलेला पाव हे सारे तेथे राहत असताना रोजचेच होते. ते गमावल्यावर त्याला अर्थ आला. ॲडम मॅकनॉटन यांचे १९६० च्या दशकातील 'जीली पीस साँग' या गीतामागची गंमत हीच आहे : उंच मनोऱ्यावरून आईने खाली फेकलेला जॅम लावलेला पाव मुलापर्यंत पोहोचतच नाही. गाण्यातले कुटुंब कासलमिल्कला आलेले आहे. विनोदी बालगीत म्हणून ते गायले जाते, पण घर आणि अंगण यांतले अंतर मोजण्याचे एवढे नेमके माप कोणत्याही अहवालात सापडत नाही.

टोनी रोपर यांचे 'द स्टीमी' (१९८७) हे नाटक तुलनाकारांच्या दृष्टीने अधिक फलदायी आहे. १९५० च्या दशकातील वर्षअखेरीच्या रात्री सार्वजनिक धुलाईगृहात काही स्त्रिया कपडे धुताना बोलत राहतात. त्यांतली तरुण डोरीन ड्रमचॅपलमध्ये मिळू शकणाऱ्या घराचे स्वप्न रंगवते; त्यात न्हाणीघर आहे, टेलिफोनही आहे. रंगमंचावर हे स्वप्न निखळ आहे. प्रेक्षागृहात मात्र १९८७ चे ग्लासगो बसलेले आहे, आणि ड्रमचॅपलचे पुढे काय झाले हे त्याला ठाऊक आहे. नाट्यात्म उपरोध येथे कथानकातून येत नाही, शहराच्या इतिहासातून येतो. पण रोपर यांनी डोरीनला हास्यास्पद केलेले नाही, आणि या नाटकाच्या लोकप्रियतेचे रहस्य बहुधा त्यातच आहे. प्रेक्षकांपैकी कित्येकांच्या आयांनी तेच स्वप्न पाहिलेले होते.

पुढे काय झाले, त्याचे एक नाव ओल. भिंतींवर काळी बुरशी, कपाटात कुजणारे कपडे, मुलांचा दमा. १९७० आणि १९८० च्या दशकांत ग्लासगोच्या अनेक वसाहतींत भाडेकरूंनी ओलीविरुद्ध मोहिमा काढल्या. त्यांना अधिकाऱ्यांकडून मिळालेले ठरीव उत्तर असे, की ही ओल नसून बाष्प आहे आणि ते भाडेकरूंच्या राहणीमुळे साचते : ते घरात कपडे वाळवतात, किटली उकळत ठेवतात, पुरेशी ऊब ठेवत नाहीत. विजेवर घर गरम करणे परवडत नाही, ही गोष्ट या निदानात येत नव्हती. ओलीचा वाद हा म्हणूनच शब्दार्थाचा वाद होता. भिंतीवरच्या डागाला काय म्हणायचे यावर दोष कोणाचा हे ठरत होते. ईस्टरहाउसमधील कार्यकर्त्या कॅथी मॅकॉर्मॅक यांनी 'द वी येलो बटरफ्लाय' (२००९) या आत्मकथनात हा लढा सांगितला आहे. तेथील रहिवाशांनी वास्तुतज्ज्ञांच्या साहाय्याने काही घरांचे सौर उष्णतेवर आधारलेले नूतनीकरण करून दाखवले, तेव्हा बाष्पाचा सिद्धान्त आपोआपच मागे पडला.

१९८८ मध्ये 'न्यू लाइफ फॉर अर्बन स्कॉटलंड' या धोरणाखाली चार वसाहती निवडण्यात आल्या : कासलमिल्क, पेझलीतील फर्ग्युस्ली पार्क, एडिनबरातील वेस्टर हेल्स आणि डंडीतील व्हिटफिल्ड. दहा वर्षांच्या या भागीदारीत इमारती पाडल्या गेल्या, दुरुस्त झाल्या, गृहनिर्माण संस्थांकडे आणि खाजगी मालकीकडे सोपवल्या गेल्या. घरे निःसंशय सुधारली. रोजगाराच्या बाबतीत तेवढे म्हणता येत नाही. आणि लोकसंख्या शतकअखेरीस जवळजवळ निम्म्यावर आली. धोरणाच्या शीर्षकातच 'नवे जीवन' हा शब्दप्रयोग आहे. जुने जीवन संपलेले आहे हे त्यात गृहीत धरलेले होते. १९९० मध्येच, ग्लासगो युरोपची सांस्कृतिक राजधानी असताना, 'विमेन इन प्रोफाइल' या गटातील कलावंत स्त्रियांनी कासलमिल्कमधील रिकाम्या इमारतीतील घरे ताब्यात घेऊन स्थानिक स्त्रियांसह 'कासलमिल्क वुमनहाउस' हा कलाप्रकल्प केला. पुढच्या वर्षी स्थापन झालेल्या ग्लासगो विमेन्स लायब्ररीचे मूळ याच गटात आहे. रिकामे घर ही एका खात्याच्या लेखी तोट्याची बाब होती. या स्त्रियांनी ते वाचण्याजोगे केले. 'द बिग फ्लिट' आणि हा प्रकल्प एकाच वर्षीचे असावेत हा योगायोग मानण्याचे कारण नाही.

मीना मेनन आणि नीरा आडारकर यांच्या गिरणगावाच्या मौखिक इतिहासाशी (२००४) या साहित्याची तुलना सहज सुचते. तेथे स्मृतीचा कणा गिरणी आणि संप हा आहे. घर त्याच्या अनुषंगाने येते. कासलमिल्कच्या आठवणींत काम बसच्या दुसऱ्या टोकाला असते आणि कथन घराभोवती फिरते. साहजिकच तेथे मुख्य निवेदक बहुधा स्त्री असते.

पाडकामातून स्मरणरंजन कसे घडते याचा पुढचा दाखला शहराच्या उत्तरेकडील रेड रोडच्या मनोऱ्यांत मिळतो. १९६० च्या दशकात बांधलेले, सर्वांत उंच ३१ मजल्यांचे हे आठ मनोरे १९९९ नंतर आश्रितांचेही घर झाले. ॲलिसन अर्विन यांनी रहिवाशांच्या आठवणींवर 'धिस रोड इज रेड' (२०११) ही कादंबरी रचली, ती पाडकाम सुरू होण्याच्या तोंडावर. २०१४ च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या उद्घाटनात मनोरे कोसळताना थेट दाखवण्याचा बेत जाहीर झाला आणि लोकक्षोभामुळे मागे घ्यावा लागला. ज्यांनी या घरांतील लिफ्टना आणि थंडीला वर्षानुवर्षे शिव्या दिल्या, त्यांनाही त्यांचा तमाशा होणे सोसवले नाही. एकेकाळी टेनेमेंटविषयी जो सूर लागला होता तोच आता मनोऱ्यांविषयी लागला. लिन एब्रम्स आणि सहकाऱ्यांनी २०२० च्या आपल्या ग्रंथात पर्ल जेफकॉट यांच्या जुन्या पाहणीतील प्रश्नावल्या पुन्हा वाचल्या आणि मौखिक मुलाखती त्यांच्याशेजारी ठेवल्या, ही पद्धत म्हणूनच मोलाची आहे : तेव्हाचे उत्तर आणि नंतरची आठवण एकमेकांना तपासतात.

मिचेलहिलचे पाच मनोरे २००५ मध्ये पाडले गेले. वाड्याचा जुना तबेला मात्र त्याच दशकात दुरुस्त होऊन वसाहतीच्या उपयोगी आला. २०२० नंतरच्या वर्षांतही कासलमिल्कचे रहिवासी एका मोठ्या, परवडणाऱ्या किराणा दुकानासाठी मोहीम चालवीत होते. फिरत्या गाड्यांवरून चढ्या भावाने भाजी घेतल्याच्या आठवणी ज्या बायकांनी १९९० मध्ये लिहून दिल्या, त्यांच्या नातवंडांना स्वस्त बाजारासाठी अजून बसच धरावी लागत होती.