शिवराईवरची हिरवी साय

आमच्या खानदेशात जुन्या घरच्या देव्हाऱ्यात तांब्याचा एखादा पैसा असतोच. कोणाकडे शिवराई, कोणाकडे राणी छापाचा पाव आणा, कोणाकडे १९४३ ते ४७ च्या काळातला भोकाचा पैसा. आखाजीला, दिवाळीला ही नाणी बाहेर निघतात आणि चिंच, मीठ, राख लावून घासली जातात. माय म्हणायची, "देवापुढे काळं नाणं ठेवता का रे, भाऊ?" तिच्या हिशेबानं ते भांडंच. पण भांड्यावर फार तर आहेर देणाऱ्याचं नाव असतं, नाण्यावर राज्याचं नाव असतं.

शिवराई सुरू झाली १६७४ च्या राज्याभिषेकाबरोबर. एका बाजूला तीन ओळीत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. पुढं पेशवाईत 'छत्र' आणि 'पति'च्या मधे दोन आडव्या रेघा आल्या, तिला दुदांडी म्हणतात. हातोड्यानं ठोकलेलं नाणं. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून अक्षरं मुळातच अर्धी. त्यात खानदेशच्या बाजारात कोणाकोणाचा पैसा आला! अकबरानं १६०१ त असीरगड घेतला, मग बुऱ्हाणपूरच्या टांकसाळीची मोगली नाणी. नंतर पेशव्यांची, १८१८ नंतर इंग्रजांची. १८३५ साली कंपनीनं सगळीकडे एकच चलन आणलं, तरी शिवराई पुढं कितीतरी वर्षं चालत राहिली. गरिबाच्या कमरेच्या कशात रुपया नव्हता, हाच तांब्याचा पैसा होता. त्याच्या घरात राजवटीचं दुसरं काही लिहिलेलं सापडायचं नाही.

आता घासल्यानं काय होतं ते सांगतो. तांबं जमिनीत नाहीतर ओलीत राहिलं की त्यावर हिरवी साय धरते. ती वरून बसलेली घाण नसते, तांब्याचाच वरचा पापुद्रा बदलून ती झालेली असते. झिजलेल्या अक्षराचा उंचवटा पुष्कळदा त्या सायीतच उरलेला असतो. चिंचेच्या आंबटानं साय विरघळते आणि अक्षर तिच्याबरोबर वाहून जातं. राख-वाळूनं तर उरलंसुरलं खरवडून निघतं. पितळेचं निराळंच. आंबटात फार वेळ राहिलं तर त्यातलं जस्त निघून जातं आणि नाणं तांबूस पडतं. १९६८ पासूनचं कमळाचं वीस पैशाचं नाणं लक्ष्मीपूजनाला ठेवतात ना, त्याचं पिवळेपण असंच जातं.

सगळं हिरवं मात्र सारखं नसतं. गर्द, टणक हिरवं म्हणजे नाण्याचं कातडं, ते राहू द्यावं. फिकट हिरवं, बोटाला पिठासारखं लागणारं, हा रोग. तो क्षारातल्या क्लोराइडनं होतो आणि आत खात जातो. केळीला आपण जे म्युरेट ऑफ पोटॅश देतो त्यातही क्लोराइड असतं, म्हणून शेतात राहिलेल्या नाण्याचे हाल जास्त. (शेतात पुरलेला ठेवा सापडला आणि किंमत दहा रुपयांच्या वर असली, तर १८७८ च्या कायद्यानं कलेक्टरला कळवावं लागतं. कायदा अजून तोच आहे.)

आमच्या मेहरूणात एकाच्या आजोबांच्या पेटीत दोन शिवराया निघाल्या. पेटी बरीच वर्षं ओलीच्या भिंतीला होती. थोरल्यानं एक नाणं सोनाराकडच्या तेजाबात बुडवलं. दोन मिनिटांत लालबुंद, लखलखीत आणि पार गुळगुळीत. धाकट्याला मी म्हटलं, तुझं असू दे, घाई करू नको. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वाटीत घेतलं, नाणं त्यात ठेवलं, दर दोन-चार दिवसांनी पाणी बदललं. असे दीड-दोन महिने गेले. मग बोरीचा काटा घेऊन, डोळ्याला भिंग लावून, मऊ झालेला गाळ तेवढा उचलायचा. मेहरूणची बोरं सगळ्यांना माहीत, काट्याचं कौतुक कोणी करत नाही. सुई तांब्यावर ओरखडा काढते, काटा आधी स्वतः मोडतो. रोज पाच-दहा मिनिटं, जास्त नाही. शेवटी नाणं उन्हात चांगलं वाळवलं आणि कागदाच्या पुडीत ठेवलं, कारण मऊ प्लास्टिकच्या पिशवीतही तांब्याला हिरवी चिकटी येते.

मधल्या ओळीत 'राजा' दिसलं. खाली 'शि'ची वेलांटी, तेवढीच.

थोरल्याचं नाणं देव्हाऱ्यात आहे, अजून चमकतं. त्याच्या नातीनं परवा विचारलं, "आबा, हे कोणाचं?" त्यानं तिला धाकट्याच्या घरी पाठवलं.