पोकलेनचे पणजोबा

विहिरीचा खड्डा असो की इमारतीचा पाया, हल्ली पोकलेन बोलावतात. पोक्लेन ही मुळात फ्रेंच कंपनी, पण आपल्याकडे यंत्र कुणाचंही असो, ते पोकलेनच! हे यंत्र तेलाच्या दाबावर चालतं. त्याआधी शंभरेक वर्षं हेच काम साखळ्या आणि वायररोप करत. त्या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे विल्यम ओटिस हा अमेरिकन तरुण.

ओटिस रेल्वेमार्गाच्या मातीकामात होता. १८३९ साली त्याला वाफेच्या फावड्याचं पेटंट मिळालं. यंत्र रुळांवरच्या गाड्यावर बसवलेलं. साखळी ओढली की दांड्याला लावलेली लोखंडी बकेट दरड खरवडत वर येई. डोलकाठीसारखा बूम बाजूला वळवायचा, बकेटचा तळ उघडायचा, की माती वाघिणीत. त्याच वर्षी वयाच्या अवघ्या २६व्या वर्षी ओटिस गेला. पुढे कित्येक वर्षं हे यंत्र फारसं पसरलं नाही, कारण आयर्लंडहून आलेले मजूर स्वस्तात मिळत. पनामा कालव्यावर मात्र अमेरिकनांनी अशी शंभराच्या आसपास फावडी उतरवली, त्यांतली बरीचशी ब्युसायरस कंपनीची. १९०६ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट तिथल्या एका फावड्यावर जाऊन बसले, तो फोटो प्रसिद्ध आहे.

साखळीची जागा पुढे वायररोपने घेतली, ते बरंच झालं. कडी न सांगता तुटते. वायररोपच्या तारा आधी एकेक करून तुटतात, म्हणजे बघणाऱ्याला इशारा मिळतो.

या यंत्रांचं खरं कौतुक ड्रॅगलाइनवर कळतं. इंग्लंडात लिंकनला बनलेलं रस्टन-ब्युसायरसचं २२-आरबी घ्या. त्यात बकेट दोन दोरांवर लटकते, एक उचलणारा आणि एक ओढणारा. प्रत्येक दोराला आपला ड्रम, क्लच आणि ब्रेक. ओढदोर ताणून धरला तर भरलेली बकेट सपाट राहते. सोडला की ती तोंड खाली करून रिकामी होते. मुरलेला ऑपरेटर बकेट झुलवून बूमच्या टोकापलीकडे फेकतो आणि ती टेकताक्षणी ब्रेक दाबतो. उशीर झाला तर ढिला पडलेला दोर ड्रमवर गुंततो आणि काम थांबतं. हे अंगात यायला वर्षं लागत. माझ्या मते जुनं यंत्र रंगवून चौथऱ्यावर उभं करणं म्हणजे त्याचं निम्मं मोल घालवणं. ते चालतं ठेवलं तरच हा हात टिकेल.

१९५०च्या दशकात पोक्लेन, जेसीबी यांची तेलाच्या दाबावरची यंत्रं आली. ती शिकायला सोपी, त्यामुळे रस्त्याच्या आणि इमारतींच्या कामांवरून दोर हळूहळू हटला. मोठ्या उघड्या खाणींमध्ये मात्र विजेवर चालणारी रोप शॉवेल आजही आहेत, आणि त्यांतली सर्वांत मोठी एका खेपेत शंभर टनांच्या आसपास माल उचलतात.