ट्रॅक्टरचा बोल्ट आतच तुटला? घरी काय करता येते अन् काय करू नये

नागपूर : आपल्या जिल्ह्यात हिंगणा एमआयडीसीत ट्रॅक्टर तयार होतात, पण ऐन हंगामात गावात मिस्त्री वेळेवर भेटेलच असे नाही. मौदा, रामटेक, कुहीकडे धानाची चिखलणी असो की काटोल, नरखेडकडे संत्र्याच्या बागेतली मशागत, ट्रॅक्टरला दिवसभर हादरे बसतात. मडगार्डचा, बोनेटचा किंवा बॅटरीच्या पेटीचा बोल्ट तुटतो आणि अर्धा तुकडा आतच राहतो. हे काम घरी जमण्यासारखे आहे.

बोल्ट का तुटतो?
घट्ट बोल्ट दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. तो ढिला झाला की प्रत्येक धक्का थेट बोल्टवर येतो आणि बारीक तडा जातो. तुटलेली बाजू उजेडात बघा. थोडी गुळगुळीत किंवा गंजलेली अन् बाकी खडबडीत दिसली, तर तडा जुना आहे. शेजारचे बोल्टही तपासा, कारण भार त्यांच्यावर गेलेला असतो.

तुकडा कसा काढायचा?
१. इंजिन बंद करून चावी काढा, चाकाला दगड लावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.
२. वायर ब्रशने गंज काढा. गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर ठेवा.
३. तुकडा बाहेर दिसत असेल तर ग्रिप पक्कडने धरून थोडा पुढे, थोडा मागे असा फिरवत काढा.
४. आत असेल तर बरोबर मधोमध पंच मारून आधी बारीक, मग जाड ड्रिल करा. डोळ्यावर चष्मा हवाच. ईझी आउट वापरताना जोर करू नका. ते आत तुटले तर साध्या ड्रिलने निघत नाही.
५. आटे टॅपने साफ करा. आटे पूर्ण गेले असतील तर वर्कशॉपमध्ये हेलीकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे बसवून मिळतात. बोल्ट जुन्याच मापाचा चालतो.

नवा बोल्ट घेताना डोक्यावरचा आकडा बघा. जुन्यावर १०.९ असेल तर ८.८ चा घेऊ नका, तो कमी ताकदीचा असतो.

हे घरी करू नका
स्टिअरिंग, ब्रेक, चाक, पुढचा एक्सल आणि ट्रॉलीचा हूक यांच्या बोल्टला हात लावू नका. बहुतेक ट्रॅक्टरला जीपसारखी वेगळी चेसिस नसते. इंजिन आणि गिअरबॉक्सची बिडाची बॉडी हाच सांगाडा असतो. बिडावर साध्या रॉडने वेल्डिंग केले तर बाजूलाच तडा जाऊ शकतो. तिथे बोल्ट सुटला तर जिवावर बेतते. डिझेल टाकीजवळ तर वेल्डिंग नकोच.

शेवटचे काम : नवा बोल्ट कसल्यावर बोल्ट आणि बॉडीवर मिळून रंगाची एक रेघ मारा. रोज सकाळी बघा. रेघ सरकली म्हणजे बोल्ट ढिला झाला, लगेच कसा.