श्रीसूक्त

श्रीसूक्त हे श्री अर्थात लक्ष्मी या देवतेचे वैदिक सूक्त आहे. ऋग्वेदाच्या खिलभागात, म्हणजे परिशिष्टात, त्याचा समावेश होतो. पाचव्या मंडलाच्या अखेरीस ते जोडलेले आढळते. धनधान्य व समृद्धीसाठी त्याचे पठण करतात. आनंद, कर्दम व चिक्लीत हे त्याचे ऋषी परंपरेने श्रीचेच पुत्र मानले जातात.

संहिता

मूळ सूक्त १५ ऋचांचे आहे. सोळावी ऋचा फलश्रुतीची असून, श्रीची इच्छा करणाऱ्याने नित्य तुपाचे हवन करून या १५ ऋचांचा जप करावा, असे तीत सांगितले आहे. प्रचलित पुस्तिकांत यापुढेही बरेच श्लोक छापलेले असतात. ते उत्तरकालीन असून, त्यांमुळे सूक्ताच्या लांबीविषयी वाचकांचा गोंधळ होतो.

आशय

ऋग्वेदाच्या मुख्य संहितेत ‘श्री’ हा शब्द शोभा, तेज या अर्थी येतो आणि ‘लक्ष्मी’ हा शब्द दहाव्या मंडलात एकदाच, शुभ चिन्ह या अर्थी येतो. श्रीसूक्तात मात्र हे दोन्ही शब्द एकाच देवतेची नावे झाले आहेत. तिला थेट न बोलावता जातवेद अग्नीने तिला घेऊन यावे, अशी प्रार्थना आरंभी आहे.

येथे मागितलेली संपत्ती कृषिजीवनातील आहे. सोन्याबरोबर गाई, घोडे व माणसे यांची मागणी आहे. तत्कालीन समाजाला अनुसरून दासींचीही आहे. देवीला ‘करीषिणी’, म्हणजे शेणखताने समृद्ध, असे विशेषण दिले आहे. कर्दम म्हणजे चिखल आणि चिक्लीत म्हणजे ओलावा. हे दोघे घरी राहिले की त्यांची माताही राहील, अशी कवीची धारणा दिसते. ओल्या, खतावलेल्या जमिनीतून पीक येते, हा अनुभव या रूपकामागे आहे. केवळ पैशाचा मंत्र म्हणून सूक्ताकडे पाहिल्यास हा भाग निसटतो.

समृद्धीच्या मागणीइतकीच अलक्ष्मीच्या नाशाची मागणीही तीव्र आहे. भूक व तहान यांनी मलिन झालेली, लक्ष्मीची थोरली बहीण असे तिचे वर्णन येते. बिल्ववृक्षाच्या फळांनी आतली व बाहेरची अलक्ष्मी दूर व्हावी, असेही म्हटले आहे. शुभ व अशुभ अशा दोन प्रकारच्या लक्ष्मींची कल्पना अथर्ववेदाच्या सातव्या कांडातही आढळते.

पठण व विनियोग

पांचरात्र परंपरेतील ‘लक्ष्मीतंत्र’ या ग्रंथात सूक्ताचे विवेचन आहे. महाराष्ट्रात देवीवरील अभिषेक, नवरात्र आणि आश्विन अमावास्येचे लक्ष्मीपूजन या प्रसंगी ते म्हटले जाते. षोडशोपचार पूजेत फलश्रुतीसह १६ ऋचांपैकी एकेक ऋचा एकेका उपचाराला योजतात. विष्णुपूजेत पुरुषसूक्ताची योजना अशीच असते. वैदिक ब्रह्मवृंद ते सस्वर म्हणतात, तर घरगुती पठण बहुधा स्वरांविना होते. वेदपठणाचा अधिकार स्त्रियांना नाही, असे जुने धर्मशास्त्रकार मानीत. आता पुण्यातील ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्था स्त्रियांना पौरोहित्याचे शिक्षण देतात आणि अनेक महिला मंडळांत श्रीसूक्ताची सामूहिक आवर्तने होतात.