देवाचे घर आणि देवाचा दरबार

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' शिकवत असता तीर्थपुरीकडच्या एका विद्यार्थिनीने आम्हांला एक प्रश्न विचारला होता. लक्ष्मीबाईंचा विनोद, त्यांची बोली, टिळकांच्या विक्षिप्तपणाची चित्रे यांविषयी आम्ही नेहमीप्रमाणे बोललो होतो. त्यावर ती म्हणाली, "सर, हे सगळं खरं, पण माणसं तुटली, जात गेली, पुढे मिशनही सुटलं, तेव्हा या बाई टेकल्या कशावर?" आमच्या टिपणांत या प्रश्नाचे उत्तर नव्हते. 'सोशिकपणा', 'जीवनाविषयीची निकोप दृष्टी' असे काही शब्द आम्ही पुढे केले आणि तास संपला. प्रश्न मात्र संपला नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

या उत्तराचा आरंभ आम्हांला जालना जिल्ह्यातच सापडला. तीर्थपुरी हे घनसावंगी तालुक्यातले गाव. याच तालुक्यात जांब आहे, म्हणजे १६०८ मध्ये समर्थ रामदासांचा जन्म जेथे झाला ते गाव. गोदाकाठचा हा मुलूख भक्तिपरंपरेने भिजलेला आहे, हे आम्ही सारे अभिमानाने सांगतो. परंतु याच मुलखाच्या उत्तरेस, जालना शहराजवळ, एकोणिसाव्या शतकात 'बेथेल' नावाची ख्रिस्ती वसाहत उभी राहिली आणि ती उभारणारा मनुष्य मराठी ब्राह्मण होता, ही गोष्ट आमच्या पाठ्यक्रमांत कोठेच येत नाही. त्यांचे नाव रेव्हरंड नारायण शेषाद्री.

नारायण शेषाद्री हे मुंबईतील स्कॉटिश मिशनच्या विद्यालयाचे विद्यार्थी. सप्टेंबर १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हे वर्ष नीट लक्षात घेण्याजोगे आहे. त्याच वर्षी मे महिन्यात एडिंबरो येथे स्कॉटलंडची राष्ट्रीय चर्च दुभंगली होती. मंडळीचा पाळक कोणी नेमावा, गावच्या जमीनदाराने की मंडळीने, आणि या बाबतीत सरकारी न्यायालयाचा शब्द चर्चवर चालावा की नाही, असा तो वाद होता. साडेचारशेहून अधिक पाळक आपापली घरे व वेतने सोडून बाहेर पडले आणि त्यांनी 'फ्री चर्च' स्थापन केली. मुंबईतील जॉन विल्सन, रॉबर्ट नेस्बिट, मरे मिचेल ही मंडळी या नव्या चर्चच्या बाजूने उभी राहिली. परिणामी ज्या विद्यालयासाठी त्यांनी वर्षानुवर्षे खपून नवी इमारत उभी करत आणली होती, ती जुन्या चर्चच्या स्वाधीन करावी लागली.

म्हणजे ज्या घरासाठी नारायण आपले घर सोडून आला, ते घरच त्या वेळी मोडत होते. धर्मांतराच्या इतिहासात हा तपशील सहसा तळटिपेत जातो. आमच्या मते तो मध्यभागी असावयास हवा. 'मिशनऱ्यांनी आसरा दिला' असे आपण सहज लिहितो. त्या क्षणी आसरा देणारेच निराश्रित झाले होते, हे विसरतो. नवख्या ख्रिस्ती तरुणाला पहिल्याच वर्षी एक धडा मिळाला असला पाहिजे, की मंडळी ही माणसांची असते, ती भांडते, तुटते, आणि म्हणून श्रद्धेचा सगळा भार तिच्यावर टाकून चालत नाही.

याच काळात त्यांच्या कुटुंबावर दुसरा आघात झाला. धाकटा भाऊ श्रीपत हाही नेस्बिट यांच्याकडे राहावयास गेला होता. तो अल्पवयीन होता. वडिलांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली व न्यायालयाने मुलाचा ताबा वडिलांकडे दिला. पुढचा प्रश्न अधिक बिकट होता. ख्रिस्ती लोकांत राहिलेल्या, त्यांच्यासह जेवलेल्या मुलाला पुन्हा जातीत घ्यावे काय? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे, असा पक्ष घेतला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. 'श्रीपती शेषाद्री प्रकरण' या नावाने ही हकीकत मराठी प्रबोधनाच्या इतिहासात येते. पण ती येते ती बाळशास्त्रींच्या चरित्रातील एक प्रकरण म्हणून. दोन भावांपैकी एक परत फिरला, एक फिरला नाही, आणि जो फिरला नाही त्याला उरलेले आयुष्य ही ताटातूट उरी बाळगून काढावी लागली, या बाजूने ती क्वचितच सांगितली जाते. घरात एक जण सुधारणेचा विषय झाला आणि दुसरा विस्मरणाचा.

नारायण शेषाद्रींना १८५४ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली. १८६० च्या दशकात त्यांनी जालना हे आपले कार्यक्षेत्र केले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि तेथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. सालार जंग यांच्या प्रशासनाकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी नव्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी गाव वसवले. विहिरी, शेती, शाळा, सुतारकाम-लोहारकाम, मध्यभागी प्रार्थनामंदिर अशी त्याची कल्पना होती. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते बोलले, तेव्हा पागोटे घातलेला हा मराठी पाळक तेथील श्रोत्यांच्या कुतूहलाचा विषय झाला होता. १८९१ मध्ये, समुद्रप्रवासातच, त्यांचे निधन झाले.

गावाला दिलेल्या नावाचा येथे विचार करावासा वाटतो. बायबलमधील कथेनुसार याकोब घरातून पळून निघाला आहे. भावाशी वैर झाले आहे. रात्री उघड्या रानात, दगडाची उशी करून तो झोपतो. तेथे त्याला दर्शन घडते आणि त्या जागेला तो 'बेथेल', म्हणजे 'देवाचे घर' असे नाव देतो. हे नाव अनेक मिशन-वसाहतींना दिले गेले आहे, हे खरे. तरीही ज्याचे घर आणि भाऊ दोन्ही दुरावले त्याने आपल्या गावासाठी हेच नाव पत्करावे, यात आम्हांला केवळ रूढी दिसत नाही. 'देवाचे घर' हे नाव कथेत मंदिराला मिळालेले नाही, बेघर माणूस जेथे रात्रभर टेकला त्या दगडाच्या जागेला मिळालेले आहे.

येथे एक कबुली देणे आवश्यक आहे. बेथेलमध्ये जी कुटुंबे आली ती प्रामुख्याने मांग व महार समाजातील होती. शेषाद्रींविषयी आपण इतके तरी लिहू शकतो, कारण ते शिकलेले होते, सभांत बोलत होते, त्यांच्याविषयी इतरांनी लिहून ठेवले. ज्यांनी वेशीबाहेरचे जिणे सोडून त्या गावात पहिल्यांदा स्वतःच्या नावाने दार लावले, त्यांची 'अरुणोदय' वा 'स्मृतिचित्रे' आपल्या हाती नाहीत. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, टिळक दांपत्य या परिचित नावांवरून आपण 'मराठी ख्रिस्ती अनुभव' ठरवतो, तेव्हा तो बव्हंशी उच्चवर्णीय, लिहित्या माणसांचा अनुभव असतो. त्यांनी घर गमावले. ज्यांना मुळात गावात घरच नव्हते त्यांची श्रद्धा कशावर टेकली, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याची साधने कागदापेक्षा घराघरांतल्या आठवणींत व गाण्यांत शोधावी लागतील.

आता टिळकांकडे वळू. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. वडिलांच्या अतिरेकी सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंना हा वज्राघात होता. पुढची काही वर्षे त्या नवऱ्यापासून दूर, नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. नंतर त्या टिळकांकडे अहमदनगरला गेल्या त्याही आपले सोवळे आणि वेगळा स्वयंपाक सांभाळत. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. या दोन घटनांमधला पाच वर्षांचा काळ आपल्या वर्गांत 'पतिनिष्ठेचा विजय' म्हणून शिकवला जातो. हे वाचन अपुरे आहे. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे आल्या आणि लगेच ख्रिस्ती झाल्या, असे घडलेले नाही. नवरा आधी स्वीकारला. धर्माशी त्यांचे भांडण नंतरही चालू राहिले आणि विटाळाची कल्पना ज्या दिवशी मनातून गळून पडली, त्यानंतरच निर्णय झाला. पतीवरील प्रेम आणि स्वतःची श्रद्धा या दोन गोष्टी त्यांच्या आयुष्यात निरनिराळ्या वेळी पक्व झाल्या. हा भेद पुसला की आत्मचरित्राचा कणाच जातो.

टिळकांचा स्वतःचा प्रवास बाप्तिस्म्यापाशी थांबला नाही. अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी शिक्षक, पाळक, 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादक म्हणून काम केले. तुकोबांच्या अभंगांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. भजन-कीर्तनाची परंपरा त्यांनी ख्रिस्ती उपासनेत रुजवली. तरीही परदेशी मंडळाकडून वेतन घेऊन, परदेशी शिस्तीत हिंदी ख्रिस्ती धर्म कसा वाढणार, ही टोचणी वाढत गेली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेल्या-न झालेल्या, ख्रिस्ताला मानणाऱ्या सर्वांना तेथे जागा होती. वय पंचावन्नच्या पुढे, निश्चित मिळकत नाही, प्रकृती ठीक नाही. मे १९१९ मध्ये ते गेले आणि तो दरबार फार काळ टिकला नाही.

या प्रयोगाला अपयशी म्हणावे काय? संस्था म्हणून, होय. परंतु टिळकांनी मिशन सोडताना श्रद्धा सोडली नाही. श्रद्धा राखता यावी म्हणूनच त्यांनी मिशन सोडले. १८४३ मध्ये स्कॉटिश पाळकांनी इमारती सोडल्या त्या याच न्यायाने. आणि लक्ष्मीबाई? नवऱ्याच्या धर्मासाठी एकदा आणि नवऱ्याच्या तत्त्वासाठी पुन्हा एकदा त्यांचा संसार मोडला. त्यांनी १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'त कोठेही आकांत केलेला नाही. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे नेले. ज्या बाईला रीतसर शाळा लाभली नव्हती तिने ओवीत ख्रिस्तचरित्र लिहावे, ही घटना फादर स्टीफन्सच्या १६१६ मधील 'ख्रिस्तपुराणा'पासून चालत आलेल्या धाग्याला जाऊन मिळते. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला येथे दिसू लागते. त्या मिशनवर टेकल्या नव्हत्या. त्या टेकल्या होत्या एका ओळखीच्या भाषेवर, जिच्यात त्यांना देवाशी आधीपासूनच बोलता येत होते.

पुढे संस्थांचे फेर चालूच राहिले. १९०० मध्ये फ्री चर्च स्कॉटलंडमधील दुसऱ्या एका चर्चशी एक झाली, १९२९ मध्ये ती बव्हंशी पुन्हा मूळच्या राष्ट्रीय चर्चमध्ये मिळाली. १८४३ ची फूट अशी शहाऐंशी वर्षांनी बरीचशी सांधली गेली. इकडे १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या 'युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया'त एकत्र आल्या. शेषाद्रींचा आणि टिळकांचा असे दोन्ही वारसे त्यामुळे एका छपराखाली आले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चपरंपरांच्या ऐक्यातून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाली. फलक बदलले, घटना बदलल्या, बिशप नसलेल्या मंडळ्यांना बिशप आले.

दरम्यान मराठवाड्यातल्या साध्या ख्रिस्ती कुटुंबासमोरचा पेच वेगळाच होता. १९४८ मध्ये निजामाचे राज्य गेले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना त्यांत सामावून घेतले गेले, ख्रिस्ती दलितांना नाही. ज्यांच्या आजोबांनी वेस ओलांडली त्यांच्या नातवांना कागदावर जात नाही आणि गावात मात्र ती आहेच. श्रद्धा टिकवण्याची किंमत येथे भावनेत मोजता येत नाही. ती शिष्यवृत्तीत आणि नोकरीत मोजावी लागते. बेथेलच्या अलिखित आत्मचरित्रांचे हे पुढचे प्रकरण होय.

साहित्याचे अध्यापक म्हणून आमची अडचण अशी, की श्रद्धेविषयी बोलताना आपल्याकडे दोनच सूर तयार असतात. एक गौरवाचा, दुसरा संशयाचा. धर्मांतर म्हणजे एकतर साक्षात्कार किंवा आमिष. शेषाद्री आणि टिळक यांच्या चरित्रांना हे दोन्ही सूर अपुरे पडतात. त्यांची श्रद्धा शांत, निश्चिंत नव्हती. घर, जात, भाऊ, वेतन, मिशन यांतील एकेक आधार सुटत गेला आणि प्रत्येक वेळी तिला नव्याने उभे राहावे लागले. ती वाचायची तर आपला विश्वास असण्याची गरज नाही. ती खरी होती एवढे मानण्याची तयारी हवी.

'तीर्थ' या शब्दाचा एक जुना अर्थ उतार असा आहे, नदी पार करण्याची जागा. तीर्थपुरीच्या त्या विद्यार्थिनीला हे आमच्याआधी ठाऊक असेल. यापुढे 'स्मृतिचित्रे' शिकवताना १८९५ आणि १९०० यांच्यामधली पाच वर्षे आम्ही घाईने ओलांडणार नाही. त्या उतारावर वर्गासह थोडे थांबू.