रस्त्यावरील सायकलस्वारी : धोके, गंभीर अपघात आणि त्यानंतरची वाटचाल

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी माणसाचे सायकलशी नाते बहुधा दोनदा जुळते. पहिल्यांदा पुणे, सांगली किंवा नाशिकच्या रस्त्यांवर शाळा-महाविद्यालयाच्या वयात, आणि दुसऱ्यांदा इथे आल्यावर. रेल्वेचे वाढते भाडे, १९९९ पासून चालू असलेली कामावर जाण्यासाठीच्या सायकलखरेदीची करसवलत योजना आणि व्यायामाची गरज यांमुळे अनेकजण चाळिशीतही पुन्हा सायकलवर बसतात. दोन्ही देशांत वाहने डाव्या बाजूनेच चालतात, त्यामुळे रस्ता ओळखीचा वाटतो. मात्र वाहनांचा वेग, हवामान, चौकांची रचना आणि अपघातानंतरची कायदेशीर व वैद्यकीय व्यवस्था येथे पुष्कळच वेगळी आहे.

ग्रेट ब्रिटनमध्ये २०२० साली १४१ सायकलस्वार रस्ते-अपघातांत मृत्युमुखी पडले. २०२३ साली ही संख्या ८७ होती. गंभीर जखमी होणाऱ्यांची संख्या याच्या कित्येक पट असते. नियमित सायकल चालवणाऱ्यांच्या हृदयाचे व एकूण आरोग्याचे होणारे भले या धोक्यापेक्षा मोठे आहे, असे सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांचे सर्वसाधारण मत आहे. तथापि सरासरीचा दिलासा ज्याच्या घरी अपघात घडतो त्याच्या उपयोगाचा नसतो. म्हणून धोका नेमका कोठे असतो आणि तो ओढवल्यास काय करावे, हे आधीच माहीत असणे हिताचे.

धोका कोठे असतो

शहरांतील बहुतेक अपघात चौकांत किंवा चौकांजवळ घडतात. बाजूच्या रस्त्यावरून येणाऱ्या चालकाची नजर मोटार शोधत असते. तिला सायकल दिसूनही जाणवत नाही. राउंडअबाउटवर हीच अडचण अधिक तीव्र होते. दुसरा मोठा धोका डावीकडे वळणाऱ्या मालट्रकचा. ट्रकच्या डाव्या कुशीत थांबलेला सायकलस्वार उंच केबिनमधील चालकाला अनेकदा दिसतच नाही. याच कारणाने लंडनमध्ये १२ टनांहून जड मालवाहनांना चालकाच्या थेट दृष्टिक्षेत्राच्या निकषांवर परवाना घ्यावा लागतो आणि ऑक्टोबर २०२४ पासून हे निकष अधिक कडक झाले आहेत.

उभ्या मोटारीचे दार अचानक उघडणे हा तिसरा धोका. त्याखेरीज ट्रामचे रूळ, ओल्या पानांचा थर, डांबरावर न दिसणारा बर्फाचा पातळ पापुद्रा, खड्डे, तसेच शरद ऋतूत सकाळ-संध्याकाळ चालकाच्या डोळ्यांवर येणारे खालचे ऊन हीही कारणे आहेत. रूळ ओलांडताना चाक शक्य तितके काटकोनात नेले नाही, तर ते फटीत अडकते किंवा घसरते.

जखमींची संख्या शहरांत अधिक असली, तरी मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक ग्रामीण रस्त्यांवर होतात. त्याचे कारण वेग. हायवे कोडनुसार ताशी २० मैल वेगाची मोटार थांबण्यास १२ मीटर लागतात, ३० मैलांना २३ मीटर, तर ६० मैलांना ७३ मीटर. धडकेतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २० वरून ३० मैलांवर गेल्यास ती सव्वादोन पट होते. सप्टेंबर २०२३ मध्ये वेल्सने वस्तीतील बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा लागू केली, त्यामागे हाच हिशेब आहे.

कौशल्य ही ढाल नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. २०१९ मध्ये ख्रिस फ्रूम हा चार वेळा टूर दी फ्रान्स जिंकलेला खेळाडू फ्रान्समध्ये शर्यतीचा मार्ग पाहत असताना भिंतीवर आदळला. जानेवारी २०२२ मध्ये कोलंबियाचा इगान बर्नाल सरावादरम्यान थांबलेल्या बसवर धडकला. त्याचे मणके, मांडीचे हाड, गुडघ्याची वाटी आणि अनेक बरगड्या मोडल्या.

नियम आणि सावधगिरी

२९ जानेवारी २०२२ पासून हायवे कोडमध्ये महत्त्वाचे बदल झाले. जो अधिक हानी करू शकतो त्याच्यावर अधिक जबाबदारी, हे तत्त्व त्यात मांडले गेले. वळणाऱ्या चालकाने सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराचा मार्ग कापू नये. ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवावे, वेग अधिक असल्यास अंतरही अधिक ठेवावे. आणि मोटारीचे दार शक्य तेथे दारापासून दूरच्या हाताने उघडावे, म्हणजे मान आपोआप मागे वळते, अशी मार्गदर्शक सूचना त्यात आहे.

सायकलस्वारासाठीही मार्गदर्शन आहे. शांत रस्त्यांवर, संथ वाहतुकीत आणि चौक जवळ आल्यावर मार्गिकेच्या मध्यभागी राहावे. एरवी कडेपासून किमान अर्धा मीटर आणि उभ्या मोटारींपासून सुमारे एक मीटर अंतर ठेवावे. कडेला चिकटून चालणे नम्रपणाचे वाटले तरी त्यामुळे मागच्या चालकाला अपुऱ्या जागेतून पुढे घुसण्याचा मोह होतो. मालट्रकच्या डावीकडून पुढे जाणे टाळावे. तो थांबला असेल तर त्याच्या मागेच थांबावे. सूर्यास्त ते सूर्योदय या काळात पुढे पांढरा व मागे लाल दिवा आणि मागे लाल परावर्तक असणे कायद्याने आवश्यक आहे. हेल्मेट सक्तीचे नाही, पण हायवे कोड ते वापरण्याची शिफारस करतो. पडण्याने डोक्याला होणारी इजा ते कमी करते. मात्र वेगवान मोटारीच्या धडकेपुढे त्याच्या मर्यादा स्पष्ट आहेत.

पहिला तास

अपघातानंतर प्रथम जागा सुरक्षित करावी आणि ९९९ वर संपर्क साधावा. जखमी व्यक्तीला उठवण्याची घाई करू नये. मान किंवा पाठीला इजा झाल्याची शंका असल्यास तिला हलवू नये. श्वासाला अडथळा होत नसेल तर हेल्मेट काढू नये. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापडाने थेट दाब द्यावा, अंगावर जॅकेट किंवा चादर घालावी आणि तोंडाने पाणी किंवा चहा देऊ नये, कारण शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. ‘पाणी पाज’ ही आपली पहिली प्रतिक्रिया येथे आवरावी लागते.

अतिगंभीर जखमींना जवळचे रुग्णालय सोडून थेट मोठ्या आघात-उपचार केंद्राकडे नेले जाते. लंडनमध्ये ही व्यवस्था २०१० पासून आहे आणि व्हाइटचॅपलचे रॉयल लंडन, किंग्ज कॉलेज, टूटिंगचे सेंट जॉर्जेस व पॅडिंग्टनचे सेंट मेरीज ही तेथील चार केंद्रे होत. इंग्लंडभर हे जाळे २०१२ पासून उभे राहिले. आप्ताला घरापासून दूरच्या रुग्णालयात का नेले, या प्रश्नाचे उत्तर बहुधा हेच असते.

न दिसणाऱ्या इजा

सायकलवरून पडल्यावर गळपट्टीचे हाड मोडणे ही नेहमीची इजा; ती लगेच कळते. अधिक फसव्या असतात त्या आतल्या इजा. हँडलचे टोक पोटात घुसल्यास प्लीहा किंवा यकृत फाटू शकते आणि बाहेर केवळ एक लहानसा व्रण दिसतो. पोटातील वाढती वेदना, चक्कर व घाम ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे.

डोक्याला मार लागल्यानंतर पुन्हा पुन्हा उलटी, वाढती गुंगी, असंबद्ध बोलणे, झटका, हातापायांत अशक्तपणा, डोळ्यांच्या बाहुल्या असमान दिसणे किंवा नाका-कानातून पाण्यासारखा द्रव येणे ही तातडीची लक्षणे होत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने लक्षणे नसतानाही तपासणी करून घ्यावी. मेंदूला हादरा बसल्यास पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती घ्यावी आणि नंतर टप्प्याटप्प्याने दिनक्रमाकडे वळावे, असे २०२३ च्या ब्रिटिश क्रीडा-मार्गदर्शिकेत म्हटले आहे. स्पर्धेत किमान २१ दिवस उतरू नये, असेही त्यात आहे. चिडचिड, विसराळूपणा, उजेड व आवाज असह्य होणे हे स्वभावदोष नसून इजेचा भाग असू शकतात, हे घरच्यांनी समजून घेणे आवश्यक. मेंदूच्या इजेने बाधित कुटुंबांना १९७९ पासून कार्यरत असलेली ‘हेडवे’ ही संस्था मदत करते.

नोंद, कायदा आणि पोटापाण्याचा प्रश्न

ज्या अपघातात कोणी जखमी होते, तेथे मोटारचालकाने थांबून नाव, पत्ता व वाहनाचा तपशील देणे १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्याने बंधनकारक आहे. ‘काही लागले नाही’ असे म्हणून निघून जाणे ही सायकलस्वाराकडून होणारी सर्वांत सामान्य चूक. शरीर तापलेले असताना वेदना कळत नाही. वाहनाचा क्रमांक, साक्षीदारांचे संपर्क, रस्त्याची व सायकलीची छायाचित्रे त्याच वेळी घ्यावीत. मोडलेली सायकल, हेल्मेट व कपडे टाकून देऊ नयेत. दुकाने व बसमधील कॅमेऱ्यांचे चित्रण थोड्याच काळात पुसले जाते, म्हणून त्याची मागणी लवकर करावी.

शारीरिक इजेच्या भरपाईचा दावा सामान्यतः तीन वर्षांत न्यायालयात दाखल व्हावा लागतो. इंग्लंड व वेल्समध्ये मुलांच्या बाबतीत ही मुदत अठराव्या वाढदिवसापासून मोजली जाते. चालक पळून गेला किंवा त्याचा विमा नसला तरी मार्ग संपत नाही; अशा दाव्यांसाठी १९४६ मध्ये स्थापन झालेला मोटार इन्शुरर्स ब्यूरो आहे. खड्ड्यामुळे पडल्यास रस्त्याची देखभाल करणाऱ्या स्थानिक प्राधिकरणाकडे दावा करता येतो. त्यासाठी खड्ड्याची लांबी-खोली मोजून छायाचित्र ठेवावे.

व्हिसावर राहणाऱ्यांची चिंता वेगळी असते. बहुतेक कामाच्या व्हिसांवर सरकारी निधीतून मिळणाऱ्या मदतीस मनाई असते आणि अपंगत्वासाठीचा भत्ता त्या निधीत मोडतो. मात्र मालकाकडून मिळणारा आजारपणाचा वैधानिक पगार त्यात मोडत नाही. पात्र कर्मचाऱ्यास तो २८ आठवड्यांपर्यंत मिळू शकतो. वर्षातील बिनपगारी रजेची मर्यादा ओलांडल्यास प्रायोजकत्व धोक्यात येते, पण आजारपणाची रजा हा त्यास मान्य अपवाद आहे. म्हणून डॉक्टरांचे प्रमाणपत्र वेळेवर आणि लेखी स्वरूपात कंपनीकडे पोहोचवणे महत्त्वाचे. नोकरी जाईल या धास्तीने मोडक्या हाडांनिशी कामावर जाणे शरीरालाही परवडत नाही आणि दाव्यालाही.

मनाचा घाव

हाड जुळण्यास आठवडे पुरतात. मागून येणाऱ्या इंजिनाच्या आवाजाने छातीत धस्स होणे थांबण्यास कधी महिने लागतात. पहिल्या काही आठवड्यांतील झोपमोड, दचकणे, प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे हे स्वाभाविक आहे. महिना उलटूनही ते तसेच राहिले किंवा रस्ताच टाळला जाऊ लागला, तर उपचार घ्यावेत. आघातकेंद्री विचार-वर्तन उपचार आणि नजरेच्या हालचालींचा आधार घेणारी उपचारपद्धती या दोन्हींची शिफारस ब्रिटनच्या राष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शिकेत आहे. इंग्लंडमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या संवाद-उपचारांसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीविना स्वतः नाव नोंदवता येते आणि गरज पडल्यास दुभाषाही मागता येतो.

मराठी घरांत आणखी एक ओझे असते : भारतातील आईवडिलांना कळू न देण्याचे. व्हिडिओ कॉलवर हाताची झोळी लपवली जाते, घरकाम एकट्या जोडीदारावर पडते आणि दोघेही ‘सगळे ठीक आहे’ म्हणत राहतात. या मौनामुळे जखमीइतकाच काळजी घेणाराही थकतो. स्वयंपाक, मुलांची शाळा, रुग्णालयाच्या फेऱ्या अशी ठरावीक कामे मित्रमंडळींत वाटून दिली, तर तो भार बराच हलका होतो.

पुन्हा सायकलवर बसावे की नाही, यावर घरात मतभेद होतात. फ्रूम आठ महिन्यांत शर्यतीत परतला; बर्नालही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये परतला. पण त्यांच्यामागे वैद्यांचा ताफा होता, आणि परतणे हेच धैर्याचे एकमेव रूप नव्हे. ज्याला परतायचे आहे त्याने उद्यानातील मार्ग, ओळखीचा सोबती, थोडे अंतर अशा पायऱ्यांनी परतावे. ज्याला सायकल विकून टाकायची आहे त्याला भित्रा ठरवू नये. ‘सायकल सोड’ म्हणणाऱ्याच्या आग्रहामागे रुग्णालयातील ती रात्र असते, हेही विसरू नये.

जेव्हा माणूस परत येत नाही

अशा मृत्यूत अंत्यसंस्कार तातडीने होऊ शकत नाहीत, हा कुटुंबासाठी दुसरा आघात असतो. इंग्लंड व वेल्समध्ये मृत्यूची चौकशी कोरोनरकडे जाते. शवविच्छेदन होते आणि चालकावर आरोप ठेवला गेल्यास बचाव पक्ष दुसऱ्या शवविच्छेदनाची मागणी करू शकतो. पार्थिव भारतात न्यायचे असल्यास कोरोनरची अनुमती आणि भारतीय उच्चायोगाकडील कागदपत्रे लागतात. दहावे-तेरावे पंचांगाप्रमाणे करता येत नाही, याची अपराधी भावना अनेकांना छळते. तो दोष कुटुंबाचा नसतो. पोलिसांनी नेमलेल्या कुटुंब-संपर्क अधिकाऱ्याला धार्मिक विधींची निकड पहिल्याच भेटीत सांगावी. १९९२ मध्ये स्थापन झालेली ‘रोडपीस’ ही संस्था रस्त्यावर बळी गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी काम करते. जून २०२२ पासून धोकादायक वाहन चालवून मृत्यूस कारण झाल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण अनेक खटले निष्काळजीपणाच्या सौम्य आरोपाखाली चालतात आणि निकालास दीर्घ काळ लागतो. न्यायालयाचा निकाल आणि मनाची शांती यांची सांगड घालू नये, असे या वाटेने गेलेली कुटुंबे सांगतात.

घराबाहेर पडताना खिशात नाव, रक्तगट, चालू औषधे आणि जवळच्या व्यक्तीचा क्रमांक असलेली चिठ्ठी ठेवावी. फोनच्या बंद पडद्यावरही ही माहिती दिसेल अशी सोय करावी. दिव्यांची विद्युतघटे, ब्रेक आणि टायर आठवड्यातून एकदा तपासावेत. आणि कोणत्या रस्त्याने जाणार व साधारण केव्हा पोहोचणार, हे घरातील एका माणसाला तरी ठाऊक असावे.